रात्रीचे भोजन एका वाडग्यात : पथ्यरचनेचा एक गृहसुलभ प्रकार

सायंकाळच्या वेळी आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी बहुधा एकाच साच्याच्या असतात. रात्रीचे जेवण उशिरा होते, जेवणानंतर छातीत जळजळ होते, सकाळी पोट साफ होत नाही आणि दुपारपर्यंत खरी भूक लागत नाही. आपण नाडीपरीक्षा करतो, जिव्हेवरील साम लक्षणे पाहतो, औषधयोजना करतो आणि शेवटी पथ्याकडे वळतो. तळलेले नको, मैद्याचे नको, आंबविलेले नको, बाहेरचे नको. ही यादी रुग्णास आता आपल्याइतकीच पाठ झालेली असते. ती पाठ असूनही पाळली का जात नाही, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

काही वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातील एक शिक्षिका भगिनी आपल्या पतीस घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. पतीस अम्लपित्ताचा जुना त्रास. औषधाने पंधरा दिवस बरे वाटावे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न व्हावेत, असा क्रम वर्षभर चालला होता. आम्ही नेहमीची यादी सांगू लागताच त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, काय करायचं नाही ते तुम्ही चार वेळा सांगितलंत. मी सहाला घरी येते, आठला मुलं जेवायला मागतात. या दोन तासांत काय करू, ते एकदा सांगा." त्या आठवड्यात दोन वेळा घरात गाड्यावरचा बर्गर आला होता, हेही त्यांनी न लपविता सांगितले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही चिठ्ठीवर 'लघु आहार घ्यावा' असे लिहून दिले आणि त्यांनी ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. त्या चिठ्ठीने त्यांच्या स्वयंपाकघरात काहीही घडणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय. पथ्य हे नकारांच्या यादीत नसून भोजनाच्या रचनेत असते, आणि ती रचना रुग्णाच्या घरातील वेळ, साधने व आवड यांत बसणारी नसेल तर ती शास्त्रशुद्ध असूनही निरुपयोगी ठरते, एवढेच आम्हास येथे मांडावयाचे आहे.

बर्गरमध्ये मुलांना नेमके काय आवडते?

मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहे भारतात १९९६ साली दिल्ली व मुंबई येथे सुरू झाली. त्यानंतरच्या काळात बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर महानगरांतून जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्याच्या बसस्थानकासमोरील गाड्यावर पोहोचला. वडापावाने वाट आधीच तयार करून ठेवली होती. त्यामुळे पावात तळलेली टिक्की ही कल्पना आपल्याकडे परकी वाटली नाही.

या पदार्थाचे घटक वेगळे करून पाहिल्यास मैद्याचा पाव, तळलेली टिक्की, तेल व आंबट यांचे घुसळण असलेले मायोनेज, चीजची चकती, कच्चा कांदा, कोबी व टोमॅटो आणि गोड-आंबट सॉस असे सात-आठ पदार्थ हाती येतात. यातील गुरुता प्रामुख्याने पाव, तळण व मायोनेज यांत आहे. मुलांना जे आवडते ते मात्र पावात नसते. कुरकुरीत आणि मऊ, आंबट आणि गोड, गरम आणि गार हे सर्व एकाच घासात मिळणे, आणि ते स्वतःच्या हातात स्वतंत्रपणे मिळणे, ही त्या पदार्थाची खरी ओढ आहे. हे एकदा ध्यानात आले की अर्धे काम होते. ओढ ठेवावी आणि गुरुता काढावी.

पाश्चात्त्य देशांतील कुटुंबांनी अलीकडे हाच मार्ग काढला आहे. पाव वगळून टिक्कीचे किंवा खिम्याचे तुकडे, भाज्या व सॉस एका खोलगट भांड्यात घेऊन खाण्याची तेथे रूढी पडली आहे. टिक्क्या वळण्याचे, तळण्याचे आणि पाव शेकण्याचे श्रम त्यात वाचतात. कामावरून परतलेल्या व्यक्तीस आठवड्याच्या मधल्या दिवशी ते सोयीचे वाटते, यात नवल नाही.

वाडग्याची रीत आपल्याला नवी नाही

येथे एक गोष्ट नमूद करणे उचित ठरेल. सर्व काही एका भांड्यात एकत्र करून खाणे मराठवाड्यास शिकवावे लागत नाही. भाकरी कुस्करून त्यावर गरम कोरड्यास ओतणे, वरणात भाकरी चुरणे, दुधात किंवा ताकात भाकरीचा काला करणे, ज्वारीच्या कण्या शिजवून त्यावर आमटी घेणे, हे आपल्या आजीच्या पिढीचे रोजचे जेवण होते. गोपाळकाल्यात तर प्रत्येकाच्या शिदोरीतील पदार्थ एकत्र कालवून प्रसाद होतो. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी ज्या जिल्ह्यात आहे, त्या हिंगोलीत काल्याचा अर्थ कोणास समजावून सांगण्याची गरज नाही.

बदलले ते धान्य. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांत खरिपाच्या शेतावर सोयाबीनचे वर्चस्व आले, ज्वारीचे क्षेत्र आक्रसले आणि ताटात भाकरीच्या जागी चपाती व पाव आले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा ज्वारीची पुन्हा चर्चा झाली. आपल्या शेजारच्या परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित केला आहे. धान्य उपलब्ध आहे, रीत जुनी आहे. मधल्या पिढीच्या हाताला ती पुन्हा लावून देणे एवढेच शिल्लक आहे.

अष्ट आहारविधिविशेषायतनांच्या दृष्टीने

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेली आठ आयतने आपणा सर्वांस परिचित आहेत. एखादे भोजन हितकर की अहितकर हे केवळ द्रव्यावरून न ठरता या आठांच्या समुच्चयावरून ठरते. आपल्या वाडग्याची रचना त्याच क्रमाने पाहू.

१. प्रकृती : आधार म्हणून ज्वारी, म्हणजेच निघंटूंतील यावनाल. भावप्रकाशात तिचे वर्णन मधुर-कषाय, शीत, रूक्ष, लघु व कफपित्तहर असे आहे. टिक्कीसाठी मूग. शमीधान्यांत मूग सर्वाधिक हितकर आणि उडीद सर्वाधिक अहितकर, असा चरकाचार्यांचा निर्णय आहे. म्हणून रात्रीच्या वाडग्यात उडीद व चवळी न घेता मूगच घ्यावा.

२. करण : संस्काराने गुणांतर होते. तळण्याऐवजी तव्यावर झाकण ठेवून भाजणे, आणि कच्च्या भाज्यांऐवजी वाफविलेल्या भाज्या घेणे, हे दोन संस्कार या वाडग्याचा कणा होत.

३. संयोग : ज्वारीच्या रूक्षतेस तूप, मुगाच्या वातकरत्वास आले व हिंग. मायोनेजच्या जागी दही घालण्याचा मोह अनेक गृहिणींना होतो आणि आरोग्यविषयक सदरांतूनही तसाच सल्ला दिला जातो. रात्री दही खाऊ नये व ते तापवू नये, हा चरकाचार्यांचा स्पष्ट निषेध आपण विसरता कामा नये. मध घालून सॉस गरम करणेही त्याच कारणास्तव टाळावे.

४. राशी : वाडग्याचा सर्वांत मोठा लाभ येथे आहे. ताटात पुनःपुन्हा वाढले जाते, वाडगा एकदाच भरतो. कुक्षीचे तीन भाग कल्पून एक भाग घन आहारास, एक द्रवास व एक वातादी दोषांस मोकळा ठेवावा, हा त्रिविधकुक्षीय अध्यायातील उपदेश रुग्णास समजावण्यासाठी वाडग्याइतके सोपे साधन दुसरे नाही. वाडगा काठोकाठ न भरता वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा, एवढे सांगितले तरी पुरे.

५. देश : आपला जिल्हा ज्वारी, तूर, हरभरा आणि हळदीचा. वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. परदेशी धान्ये व महागडी तेले सुचविण्याचे येथे काहीच कारण नाही.

६. काल : भावप्रकाशकारांनी रात्रीचे भोजन पहिल्या प्रहरात, किंचित कमी मात्रेत व दुर्जर पदार्थ वगळून घेण्यास सांगितले आहे. आठ वाजता वाडगा हातात असणे हे त्या मर्यादेत बसते. रात्री दहाचा लघु आहार बसत नाही.

७. उपयोगसंस्था : उष्ण, स्निग्ध, मात्रावत्, तन्मना होऊन, अतिशीघ्र नव्हे व अतिविलंबाने नव्हे. वाडगा हातात घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसण्याची सवय लागण्याचा धोका आहे. तो रुग्णास आधीच सांगावा.

८. उपयोक्ता : शेवटी खाणारा कोण आहे. एकाच स्वयंपाकातून मधुमेही आजोबा, अम्लपित्ताचा गृहस्थ आणि वाढीची मुले यांचे तीन वेगळे वाडगे भरता येतात. ताटातील कालवण सर्वांना एकच असते, वाडग्यातील प्रमाण मात्र प्रत्येकाचे वेगळे ठेवता येते. आमच्या मते या रचनेचे चिकित्सादृष्ट्या खरे महत्त्व हेच.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला सुमारे २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी ४०० ग्रॅम भाज्या व ८५ ग्रॅम डाळी अथवा मांसजन्य पदार्थ सांगितले आहेत. आपल्या घरातील ताटात धान्य अधिक आणि भाजी-डाळ कमी असते. वाडग्याचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग धान्य व पाव भाग मूग असे डोळ्यांनी मोजले तर ही तूट एका जेवणापुरती बरीचशी भरून निघते.

कृती : चार माणसांसाठी, सहा ते आठच्या दरम्यान

पुढील प्रमाण दोन प्रौढ व दोन मुले यांच्यासाठी आहे. वाटी म्हणजे सुमारे १५० मि.लि. मापाची नेहमीची आमटीची वाटी समजावी.

सहा वाजता : १ वाटी सालीची मूगडाळ व १½ वाटी ज्वारीच्या कण्या धुऊन वेगवेगळ्या भांड्यांत कोमट पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी भिजवून दिवसभर बाहेर ठेवू नयेत. आपल्याकडील उन्हाळ्यात डाळ तेवढ्या वेळात आंबते आणि पथ्याचा हेतूच फसतो. कण्या नसतील तर सकाळच्या तीन भाकरी चुरून घ्याव्यात. आदल्या दिवशीच्या भाकरी मात्र नकोत.

सात वाजता : कण्या निथळून ६ वाट्या पाणी, चवीपुरते सैंधव व १ चमचा तूप घालून कुकरमध्ये चार शिट्ट्या कराव्यात आणि कुकर आपोआप निवू द्यावा.

तोवर डाळ पूर्ण निथळून १ इंच आले, १ लहान चमचा जिरे व ५-६ मिरी यांसह भरडसर वाटावी. पाणी घालू नये. त्यात बारीक चिरलेला पालक किंवा मेथी एक मूठभर, अर्धा लहान चमचा हळद, चिमूटभर हिंग, मीठ व २ चमचे ज्वारीचे पीठ कालवावे. टिक्क्या वळत बसू नये. जाड तव्यावर १ लहान चमचा तेल सोडून हे मिश्रण जाड धिरड्याप्रमाणे पसरावे, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे आणि उलटून आणखी चार मिनिटे भाजावे. मग उलथण्यानेच त्याचे खरपूस तुकडे करावेत. दोन वेळा असे केल्यास सर्व मिश्रण संपते. कडा कुरकुरीत व आतून मऊ असे हे तुकडे मुलांना टिक्कीइतकेच आवडतात, असा आमचा अनुभव आहे.

भाज्या : २०० ग्रॅम कोबी, १५० ग्रॅम गाजर व १०० ग्रॅम फरसबी किंवा दुधी लांबट चिरून, कढईत पाण्याचा हबका मारून झाकणाखाली चार ते पाच मिनिटे वाफवावा. भाज्यांचा करकरीतपणा राहिला पाहिजे. एक कांदा उभा चिरून थोड्या तुपावर लालसर परतावा. बर्गरचा वास घरात दरवळतो तो या कांद्यामुळे, म्हणून तो वगळू नये.

सॉसच्या जागी : भाजलेले तीळ २ मोठे चमचे, भाजलेले शेंगदाणे २ मोठे चमचे, थोडे जिरे, चार-पाच आमसुले, सुपारीएवढा गूळ, मीठ व कोमट पाणी एकत्र वाटून पातळसर करावे. लोणच्याच्या जागी आल्याचे बारीक काप सैंधव व लिंबू लावून ठेवावेत. जेवणाच्या आरंभी सैंधवयुक्त आले घेणे भावप्रकाशात पथ्यकर म्हटले आहे.

पावणेआठ वाजता : तळाशी कण्या, त्यावर एका बाजूस भाज्या, दुसऱ्या बाजूस मुगाचे तुकडे, मध्ये परतलेला कांदा आणि वरून तिळाचे सारण. मुलांसाठी टोमॅटो-काकडीचे चार काप व हवे असल्यास थोडे पनीर वर ठेवावे. सर्व गरम असतानाच खावे. मुलांनी त्यास बर्गरच म्हटले तर म्हणू द्यावे, नावाचे पथ्य नसते.

रुग्णानुसार करावयाचे बदल

अम्लपित्त : तीळ उष्ण व पित्तकर असल्याने तिळाचे सारण वगळून ओले खोबरे व कोथिंबीर यांची सौम्य चटणी द्यावी. मिरी, आमसूल व लिंबू कमी करावेत. आल्याचे काप बंद ठेवावेत. तुपाचे प्रमाण किंचित वाढवावे.

मधुमेह : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात भारतातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचे अनुमान मांडले गेले. आपल्या चिकित्सालयात रोज त्याचा प्रत्यय येतोच. ज्वारी म्हणजे साखर नव्हे, म्हणून ती कितीही खावी, असा गैरसमज रुग्णांत आढळतो. तो दूर करावा. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. कण्या अर्ध्या करून मूग व भाज्या वाढवाव्यात आणि सारणातील गूळ वगळावा. मात्र रुग्ण इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास रात्रीचे धान्य एकाएकी घटविल्याने पहाटे शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्याच्या उपचारक डॉक्टरांशी बोलूनच हा बदल करावा.

उच्च रक्तदाब : जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे सपाट एक लहान चमचा. सैंधव हेही मीठच होय. कण्या, मूग, भाज्या व सारण या चारांत मिळून मीठ मोजावे.

वृक्कविकार : डाळ, पालक व टोमॅटो यांचे प्रमाण तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे. सरसकट हा वाडगा देऊ नये.

मलावष्टंभ व वातप्रधान प्रकृती : रूक्षता वाढू नये म्हणून तूप दुप्पट, कण्या अधिक पातळ आणि कोबीच्या जागी दुधी घ्यावा.

शेंगदाण्याची ॲलर्जी : मुलांच्या बाबतीत प्रथम विचारावे. शंका असल्यास शेंगदाणे वगळावेत.

मांसाहारी कुटुंबांसाठी

आपल्याकडील अनेक घरांत आठवड्यातून एकदा मटण होते. खिम्याचा बर्गर ही कल्पना आयुर्वेदास अपरिचित नाही, हे ऐकून अनेकांस आश्चर्य वाटेल. अस्थिरहित मांस शिजवून, वाटून, त्यात गूळ, तूप, पिंपळी व मिरी घालून केलेल्या पदार्थास आपल्या ग्रंथांत वेसवार म्हटले आहे. तो गुरु, स्निग्ध, बल्य व वातशामक आहे. म्हणजेच तो गुणकारी आहे, पण रात्रीच्या लघु भोजनात बसणारा नव्हे. गुरु द्रव्ये अर्धतृप्ती होईपर्यंतच घ्यावीत, या चरकोक्त नियमास अनुसरून चार माणसांत २५० ग्रॅम खिम्याच्या पुढे जाऊ नये, आणि शक्यतो तो दुपारच्या जेवणात घ्यावा.

येथे संयोगाची एक बाब विशेष लक्षात ठेवावी. ग्राम्य, आनूप व औदक मांस हे मध, तीळ, गूळ, दूध, उडीद, मुळा व मोड आलेली धान्ये यांच्यासह एकत्र खाऊ नये, असे चरकाचार्य सांगतात. वेसवारात गूळ आहे, हे अभ्यासकांच्या ध्यानात येईलच, आणि बकऱ्याचे मांस कोणत्या वर्गात धरावे यावरही मतांतरे आहेत. त्या चर्चेत न शिरता, व्यवहारात आम्ही खिम्याच्या वाडग्यातून तिळाचे सारण, मोडाची कडधान्ये व चीज बाजूला ठेवण्यास सांगतो आणि त्याऐवजी परतलेला कांदा, आले व लिंबू सुचवितो. चवीत काहीच उणे पडत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

आमच्या वाचकांत आयुर्वेदीय औषधालये चालविणारे बंधू मोठ्या संख्येने आहेत. रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा जातो, औषधालयात मात्र आठवड्यातून एकदा येतो. पथ्याचा पाठपुरावा करण्यास त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. त्यांच्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, वरील कृती एका बाजूस व रुग्णानुसार बदल दुसऱ्या बाजूस अशी एक पानी चिठ्ठी छापून पाचक चूर्ण किंवा अम्लपित्ताच्या औषधासोबत विनामूल्य द्यावी. चिठ्ठीवर नकारांची यादी नसावी, घड्याळाचे काटे असावेत.

दुसरी, तयार 'पथ्य मिश्रण' म्हणून कण्या, मूग व मसाला एकत्र बांधून विकण्याचा विचार कोणी करीत असल्यास तो अन्नपदार्थ ठरतो. त्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो. 'आयुर्वेद आहार' या नावाने विक्री करावयाची झाल्यास २०२२ चे स्वतंत्र नियम पाळावे लागतात आणि असा आहार दोन वर्षांखालील बालकांसाठी विकता येत नाही. वेष्टनावर मधुमेह बरा होतो, असा दावा केल्यास १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचारविषयक आक्षेपार्ह जाहिरात कायद्याचा भंग होतो. चार पैशांच्या नफ्यासाठी शास्त्राची व स्वतःची प्रतिष्ठा पणास लावू नये.

तिसरी, हळदीविषयी. वाडग्यातील अर्धा चमचा हळद आणि मिरीच्या अर्कासह दिलेली तीव्र मात्रेची हळदीची कॅप्सूल या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारामुळे यकृतास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत. हळदीच्या जिल्ह्यात राहतो म्हणून कोणतीही हळद कितीही मात्रेत निर्धोक, असे ग्राहकास सांगू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास कॅप्सूल देण्यापूर्वी वैद्यास विचारावे. स्वयंपाकासाठी मात्र अख्खी हळकुंडे आणून दळून घेण्याचा सल्ला द्यावा. तयार पुडीत होणारी भेसळ त्यामुळे टळते.

उपसंहार

त्या शिक्षिका भगिनींना पुढच्या भेटीत आम्ही ही कृती वेळापत्रकासह लिहून दिली. महिन्याभराने त्या आल्या तेव्हा म्हणाल्या की आठवड्यातील तीन-चार रात्री वाडगा होतो, उरलेल्या रात्री पूर्वीसारखेच चालते, आणि एका शनिवारी बर्गरही आला होता. पतीची रात्रीची जळजळ कमी झाली होती, पूर्ण गेली नव्हती. औषध चालूच असल्याने त्याचे सर्व श्रेय वाडग्यास देणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु एक फरक आम्हास निश्चित दिसला. यावेळी दिलेली चिठ्ठी घडी होऊन पर्समध्ये गेली नव्हती. ती स्वयंपाकघरातील फडताळाच्या दारावर चिकटविली होती आणि तिच्यावर हळदीचे बोट उमटले होते. पुढील बदल विचारण्यासाठी त्यांनी ती सोबत काढून आणली होती.

ज्या चिठ्ठीवर हळदीचे बोट उमटते तेच पथ्य घडते. आपल्या तालुक्यात, आपल्या रुग्णांच्या घरी कोणते धान्य, कोणती भाजी, कोणती वेळ आहे हे विचारून आपणही अशी एखादी रचना बसवून पाहावी आणि आपले अनुभव, विशेषतः जेथे ती फसली असेल ते अनुभव, आम्हास अवश्य कळवावेत. पुढील अंकात त्यांवर चर्चा करणे आम्हास आवडेल.